जावयाला मानवलेलं पाणी

आमच्या पारगावात कुणाला काय झालंय हे त्याला स्वतःला कळायच्या आधी दूध डेअरीवर कळतं. सकाळी किटली घेऊन रांगेत उभं राहिलं की फॅट काढेपर्यंत वेळ जातो, आणि तेवढ्यात आम्ही गावाची तपासणी उरकून घेतो. नंबर लावायला नको, फी नको, रिपोर्ट जागच्या जागी. माझा मोतीबिंदूही डॉक्टरांच्या आधी तिथंच सापडला. एका बाईमाणसाला मी लांबून "राम राम पाटील" घातला, त्यावरून. तेव्हा हे खातं अगदीच कुचकामी आहे असं कुणी म्हणू नये.

पण हौशीरामच्या बाबतीत आम्ही सपशेल नापास झालो. तेही वर्षानुवर्षं, आणि दर वर्षी नव्या जोमानं.

हौशीराम माझा भिंतीला भिंत लावून शेजारी. रखमाजीचा एकुलता एक मुलगा. कॅनॉलच्या कडेला त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान. जळालेली मोटार पुढ्यात आली की आधी वास घ्यायचा आणि मग गिऱ्हाइकाकडे बघून म्हणायचा, "अण्णा, कोरडी चालवलीया. लाईट कमी-जास्त झाली हे दुसऱ्या कुणाला सांगा." केसासारखी तांब्याची तार तो बोटांतून अशी सोडायचा की बघणाऱ्याचा चहा गार व्हावा. स्वतःचा चहा मात्र तो कधी गार होऊ द्यायचा नाही. त्यात खारी बुडवायची, अर्धी आत पडू द्यायची, मग चमच्यानं शोधायची, हा त्याचा सकाळचा कार्यक्रम. एवढीच त्याची चैन.

लग्नात हा गडी असा भरदार होता की घोड्यावर बसला तेव्हा घोड्यानं मान वळवून बघितलं. तळेघरची रत्ना त्याला केली. सोयरीक रखमाजीनं परस्पर ठरवली. भीमाशंकरहून येताना तळेघरला गाडी बंद पडली, सावळाराम नावाच्या माणसानं घरी नेऊन गरम भात जेवू घातला, आणि रखमाजी तिथंच मुलगी ठरवून आला. घरी कुशाबाईला, म्हणजे हौशीरामच्या आईला, हे समजलं तेव्हा ती जे बोलली ते मी इथं लिहीत नाही. सभ्य भागाचा सारांश एवढाच की एका ताटभर भातावर लेक डोंगरात दिला.

रखमाजी पुढं लवकरच वारला. त्यामुळे कुशाबाईला भांडायला समोर माणूस उरला नाही, आणि तिनं ते सगळं तळेघरच्या नावावर टाकलं.

लग्नानंतर दोनेक वर्षांत मुलगी झाली, संस्कृती, आणि हौशीराम उतरायला लागला. आधी तोंड यायचं. फोडांनी जीभ अशी भरायची की बोलणं बंद. डेअरी म्हणाली, उष्णता. त्यानं सब्जा भिजवून पिला, गुलकंद खाल्ला. मग पोट फुगायला लागलं. अंगावर मांस नाही आणि पोट मात्र नगाऱ्यासारखं. डेअरीनं आवाज बारीक करून सांगितलं, लपून पितो. मग कधी आठ-आठ दिवस संडासकडे वारंवार धाव, कधी अजिबात नाही. मग रक्त कमी. मग टाचा आणि कंबर दुखायची. मग बोटांना मुंग्या यायला लागल्या आणि ती केसासारखी तार हातातून सुटायला लागली. त्यात स्वभाव असा चिडका झाला की एकदा गिऱ्हाइकानं "कधी होईल?" एवढंच विचारलं, तर त्याची मोटार त्यानं उचलून रस्त्यात नेऊन ठेवली.

आमच्या गोजरबाई, म्हणजे माझं कुटुंब, त्या बाबतीत ठाम होत्या. "आजार-बिजार काय न्हाई. बायकोचा स्वभाव उतरलाय त्याच्यात."

"रत्ना तर गरीब आहे," मी म्हणालो.

"म्हणूनच. तिचा सगळा राग याच्याकडं गेला."

मी किटली उचलून डेअरीला गेलो आणि हेच मत माझं म्हणून सांगितलं. लोकांना पटलं.

डॉक्टर काय कमी झाले? तोंडाच्या डॉक्टरनं तोंड बघितलं, हाडाच्या डॉक्टरनं हाडं बघितली, रक्ताच्या गोळ्या तर इतक्या झाल्या की माणूस गंजायचा. प्रत्येकानं आपापल्या वाटणीचा हौशीराम तपासला. अख्खा हौशीराम कुणाच्या वाट्याला आलाच नाही.

आणि समाचाराला येणारी माणसं! आमच्याकडे आजाऱ्याला रिकाम्या हातानं बघायला जात नाहीत. बिस्किटाचा पुडा, नाहीतर ब्रेड, नाहीतर टोस्ट. हौशीरामच्या फडताळात इतके पुडे साठले की पोरं त्याचं घर बेकरी समजायची. कुशाबाई लेकाला उठवून बसवायची, "खा बाबा, चार बिस्किटं खा, ताकद यील." तो खायचा. मग आणखी आजारी पडायचा. मग आणखी माणसं पुडे घेऊन यायची.

एका ठिकाणी मात्र हा माणूस ठणठणीत व्हायचा. तळेघरला.

पावसाळ्यात भातलावणीला तो सासऱ्याच्या मदतीला जायचा. जाताना दोघांनी धरून गाडीत बसवायचा आणि पंधरा-वीस दिवसांनी स्वतः पिशव्या उचलून, गालावर चकाकी घेऊन यायचा. मुंग्या कमी, तोंड साफ, आणि वर हसतबिसत. पारगावात महिना गेला की पुन्हा पहिल्यासारखा. हे एकदा झालं, दोनदा झालं. मग डेअरीचा निकाल लागला : पावण्याला तळेघरचं पाणी मानवतंय.

आता डोंगराचं पाणी गोड असतं हे मलाही कबूल आहे. पण कुणीतरी ही गोष्ट सावळारामच्या कानावर घातली आणि त्या भल्या माणसानं जावयासाठी झऱ्याचं पाणी कॅनमध्ये भरून जीपगाड्यांवर पाठवायला सुरुवात केली. पारगावात ऊसवाल्यांचे कॅनॉल तुडुंब वाहत होते आणि हौशीराम तळेघरचं पाणी पेल्यानं मोजून पीत होता. सकाळी दोन चपात्यांवर एक पेला, रात्री तीन चपात्यांवर एक पेला. काडीचा फरक पडला नाही. डेअरीनं निकालात दुरुस्ती केली : ते पाणी तिथंच प्यावं लागतं.

मग आमची जीभ सुटली. हौशीराम रस्त्यानं दिसला की कुणीतरी विचारायचं, "या पावणं! कधी आलात? मुक्काम हाये का आज?" स्वतःच्या गावात स्वतःच्या दारात माणसाला पावणा म्हणायचं. घरजावई हा शब्द तोंडावर कुणी उच्चारला नाही, तेवढे आम्ही सुसंस्कृत. तो हसण्यावारी न्यायचा. पण एकदा माझ्याजवळ बसला असताना म्हणाला, "काका, मला इथंच राह्याचंय. बापाचं घर हाय, दुकान हाय. पण इथं राह्यलो तर वर्षा-दोन वर्षांत तुमी मला खांद्यावर न्याल. आन तिथं गेलो तर जगंन, पण कंचं तोंड घिऊन जगायचं?"

मी स्वतः उठून त्याच्यासाठी चहा करून आणला. असं माझं सहसा होत नाही.

कुशाबाईचा निकाल वेगळाच होता. तिच्या मते रत्नाच्या आईनं, सखूबाईनं, जावयाला काहीतरी करून ठेवलं होतं. "लेक घरात आणि जीव तिकडं. ह्याला पाणी म्हनत्यात व्हय?" मंचरच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी एकदा नेमकं विचारलंही होतं, "सासुरवाडीला खाता काय?" मी बरोबर होतो, कुशाबाईही शेजारीच बसलेली. हौशीरामनं आईकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "चपाती. वर तूप. शिरा असतोय, शेवयाची खीर असती." डॉक्टर म्हणाले, म्हणजे घरी खाता तेच. मग हवापाणीच असावं. आणि तो धागा तिथंच तुटला.

मग त्या वर्षी श्रावण अधिक आला. धोंड्याचा महिना. या महिन्यात जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालायचे, म्हणजे गव्हाच्या पिठाच्या पारीत पुरण भरून, वाफवून, तुपात बुडवून. धोंडे, कपडे, मानपान. सखूबाईनं आधीच्या अधिक महिन्यात जावयाला नुसती टॉवेल-टोपी दिली होती आणि कुशाबाईनं तो टॉवेल भर गल्लीत वाळत घालून आल्या-गेल्याला दाखवला होता. या वेळी सखूबाईनं चंगच बांधला. सावळाराम मंचरहून चांगला गहू घेऊन आला, दळून आणला, रवा-मैदा आणला. आणि हौशीराम, हाडांचा सापळा झालेला, पुन्हा एकदा उभा राहायला म्हणून तळेघरला गेला.

आठवड्यात फोन आला. जावई उभा राहायच्या ऐवजी आडवा पडला होता. जुलाब थांबेनात, उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधार. घोडेगावला दवाखान्यात आणलाय.

जीप मीच ठरवली. काय घडलं ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं म्हणजे मला जेवण जात नाही. कुशाबाई पुढच्या सीटवर बसली आणि पारगाव ते घोडेगाव तिनं सखूबाईला काय-काय बोलायचं याची उजळणी केली. ड्रायव्हरनं दोनदा गाडी खड्ड्यात घातली, इतका तो ऐकण्यात गुंगला होता.

दवाखाना लहान. डॉक्टर प्रतीक्षा नावाची तरुण मुलगी, जुन्नरची. तिच्या वडिलांनी माझा एक कोट असा शिवला होता की तो मला अजून होतो, पण ते असो. हौशीरामला सलाईन लावलेलं. एका बाजूला रत्ना, दुसऱ्या बाजूला सखूबाई पदरानं डोळे पुसत. कुशाबाई दारातूनच सुरू झाली.

"काय घातलंस गं माझ्या लेकाला?"

सखूबाई गरीब बाई. पण पाहुणचारावर बोट ठेवलं की गरिबातली गरीब बाई उभी राहते. "काय घातलं? इहीणबाई, दोन्ही येळंला आठ दिस गव्हाचं घातलं! धोंडं घातलं. सकाळी चपाती, सांजंला चपाती. शिरा केला, शेवया केल्या. आमचं काळं अन्न म्हून जावयाच्या ताटाला लागू दिलं न्हाई! इचारा त्यास्नी!"

डॉक्टर नाडी बघत होती. तिनं मान वर केली. "आमचं काळं अन्न म्हणजे?"

सखूबाईनं पदर तोंडावर धरला. तोंडातून नको ते गेलं होतं.

"मावशी, याआधी जावई यायचे तेव्हा काय द्यायचा?"

सखूबाईनं रत्नाकडे बघितलं. रत्नानं हौशीरामकडे बघितलं. हौशीरामनं डोळे मिटून घेतले, पण त्याला सलाईन होतं, पळून जाता येत नव्हतं.

"सांगा ना. काय द्यायचा?"

"भात," सखूबाई भुईकडे बघत म्हणाली. "आन नाचणीची भाकर. आमच्याकडं दुसरं काय पिकतंय बाई?"

कुशाबाईचं तोंड उघडं राहिलं. "म्हंजे? हा तर म्हनायचा, चपाती असती, तूप असतंय, शिरा असतोय!"

"आई," हौशीराम डोळे न उघडता बोलला, "तू गल्लीत टावेल वाळत घातलास. नाचणी खाऊन आलो म्हनलो असतो तर काय वाळत घातलं असतंस?"

एवढीच गोष्ट होती बघा. सासुरवाडीची लाज राखायला हा माणूस दर वर्षी नाचणी-भात खाऊन यायचा आणि घरी येऊन शिरा-चपातीची वर्णनं करायचा. चवीसकट. मला स्वतःला त्यानं एकदा शिऱ्यातल्या बेदाण्यांविषयी इतकं सांगितलं होतं की मी गोजरबाईकडून शिरा करून घेतला. आणि त्या एका खोट्यापायी म्हाताऱ्या डॉक्टरच्या हातातला धागा सुटला होता.

डॉक्टर प्रतीक्षा खुर्ची ओढून बसली आणि विचारत सुटली. तोंड येतं? रक्त किती? बोटं? हाडं? चिडचिड? थंडीत बरं वाटतं का? रत्ना म्हणाली, संक्रांतीच्या आसपास बरं असतं. "त्या दिवसांत घरात बाजरी असते ना?" डॉक्टर म्हणाली. असते. आम्ही एकमेकांकडे बघितलं. आम्ही त्याला थंडी मानवते असं ठरवलं होतं.

"हे पाच-सहा आजार नाहीत," ती म्हणाली. "माझा अंदाज आहे की एकच आहे. सीलिॲक म्हणतात. गव्हात एक घटक असतो, ग्लुटेन. तो यांच्या शरीराला सोसत नाही. आतड्याचं आतलं अस्तर त्यानं झिजतं. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. लोह शोषलं जात नाही म्हणून रक्त कमी, कॅल्शियम नाही म्हणून हाडं दुखतात. कुणाला जुलाब होतात, कुणाला होतच नाहीत. कुणाचं नुसतं तोंड येतं, कुणाची उंची वाढत नाही, कुणाला बाळ राहत नाही. माणूस पोटाची तक्रार घेऊन येईलच असं नाही, म्हणून तर सापडत नाही."

"मग आजपास्नं गहू बंद?" रत्नानं विचारलं.

"आज नाही. आधी रक्त घेऊ, मग पुण्याला दुर्बिणीनं आतड्याचा तुकडा तपासू. तपासण्या होण्याआधी गहू सोडला तर रिपोर्ट फसतो. ते झालं की मग कायमचा बंद. चिमूटभरही नाही. रवा, मैदा, शेवया, बिस्किट, ब्रेड, खारी. बाजारच्या हिंगातसुद्धा गव्हाचं पीठ असतं, बघून घ्यायचा. नाचणी, तांदूळ, बाजरी, ज्वारी पोटभर खा." मग म्हणाली, "हे रक्तातून येतं. आईची आणि मुलीची तपासणी करून घ्या."

"माझ्या रगतात काय बी न्हाई," कुशाबाई म्हणाली. बोलताना तिचा हात कोपरावर होता आणि नखं चालू होती.

डॉक्टरनं तिचा हात धरून उजेडात वळवला. दोन्ही कोपरांवर बारीक फोड, खरवडून लाल झालेले. "हे कधीपासून?"

"उसाचं पाचट लागतंय."

"गुडघ्यांवरही आहे?"

कुशाबाईनं पदर ओढून हात झाकले. "तिथंबी पाचट लागतंय!"

रिपोर्ट आले. डॉक्टरचा अंदाज खरा निघाला. मुलीचं, संस्कृतीचं, रक्त साफ निघालं. कुशाबाईनं रक्त द्यायला साफ नकार दिला. आजार तळेघरच्या ओसरीवर उघडा पडला म्हणजे तो तिथलाच, तो आपल्या माहेरच्या नावावर चढवून घ्यायला ती तयार नव्हती.

गावात तर हसण्याचा पूर आला. गहू बाधतो? डिंभे धरणाचं पाणी कॅनॉलला आलं, त्याबरोबर ऊस आला, आणि उसाबरोबर आमच्या ताटातली बाजरी उठून चपाती बसली. दोन्ही वेळेला चपाती म्हणजे घर वर आलं, असा हिशेब. त्या चपातीनं माणूस झिजतो हे कुणाला पटावं? डेअरीवर एक जण म्हणाला, "मग समदा पंजाब मेला असता की राव!" मीही हसलो. खोटं कशाला सांगू, वाक्य चांगलं होतं.

पण हौशीराम सुधारला. तळेघरहून नाचणीचं पीठ येऊ लागलं, पाण्याचे कॅन बंद झाले. महिन्या-दीड महिन्यात तार बोटांत थांबायला लागली. फडताळ रिकामं झालं. त्यानं खारीही सोडली, आणि त्या सुतकात चहाच सोडला.

आणि मग दिवाळीनंतर पुन्हा तेच. तोंड आलं, पोट फुगलं, बोटं बधिर. गव्हाचा कण तोंडात घेतला नाही असं तो शपथेवर सांगत होता. रत्ना रडकुंडीला आली. भाकरी त्याच्या घरच्याच, कुशाबाईच्या हातच्या, कारण "माझ्या लेकाची भाकर मीच थापनार" हा तिचा हट्ट होता. डेअरी आनंदानं उठून बसली : बघा, डॉक्टरीण चुकली. नाचणी इथंही खातोय, मग फरक का नाही? शेवटी पाणीच ते.

या वेळी हौशीरामनं वाद घातला नाही. दुकानाची हत्यारं पोत्यात भरली. शटर ओढलं. तळेघरला कायमचं जायचं, तिथंच झालं तर एखादं छोटं दुकान टाकायचं, असं त्यानं ठरवलं. सकाळी जीप दाराशी आली. घोडेगाववरून तळेघर. मी आणि गोजरबाई भिंतीपाशी उभे होतो. आम्हाला कुणी बोलावलं नव्हतं, आम्हाला बोलवावं लागत नाही.

पोतं जीपमध्ये गेलं. रत्नानं पिशवी उचलली, संस्कृतीचा हात धरला. कुशाबाई उंबऱ्यावर बसून होती, हातात सूप, सुपात काहीच नव्हतं.

"आई, निघतो," हौशीराम वाकला. "इथलं पाणी न्हाई मानवत मला. तू यीत जा तिकडं."

"पाण्याचं काय न्हाई," कुशाबाई सुपाकडे बघत म्हणाली.

"आता कशाला? डॉक्टरचं आयकलं, समदं केलं. घरात गव्हाचा दाना न्हाई मला. तरी—"

"हाय."

हौशीराम तसाच वाकलेला राहिला.

"मूठभर टाकत व्हते. नाचणीच्या पिठात. दिवाळीपास्नं." तिचा आवाज इतका बारीक झाला की गोजरबाईंनी भिंतीवरून मान पुढं काढली. "भाकर फाटत व्हती माझी. थापली की फाटती, उचलली की तुटती. हिची बघितली तर चांदासारखी वाटोळी." म्हणजे रत्नाची. "सासू असून सुनंपुढं फाटकी भाकर वाढू? गव्हाची मूठ घातली की पीठ धरून राहातंय. मला वाटलं, मूठभरानं काय व्हतंय?"

जीपच्या ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. तो तोच होता, मागचा, खड्ड्यात घालणारा.

मी कुशाबाईला चाळीस वर्षं ओळखतो. त्या बाईनं माझ्या अंगणात तिची म्हैस शिरली तेव्हाही म्हशीची चूक कबूल केली नव्हती. आणि आज ती सुनेसमोर, शेजाऱ्यासमोर, ड्रायव्हरसमोर सांगत होती की तिला नाचणीची भाकरी येत नाही. गप्प बसली असती तर मान राहिला असता. पण मग पाणी जिंकलं असतं आणि लेक तळेघरचा झाला असता.

हौशीरामनं सरळ होऊन सुपाला हात घातला. मला वाटलं, आता हा सूप फेकणार. त्याच्या स्वभावाची मला माहिती होती. त्यानं सूप घेतलं खरं, पण बाजूला ठेवलं.

"आई," तो म्हणाला, "फाटकी चालंल."

मग तो जीपकडे गेला आणि पोतं खाली ओढायला लागला. बोटं बधिर, पोतं जड, निम्म्यात सुटलं आणि हत्यारं अंगणभर पसरली. मी मदतीला गेलो. एक पाना माझ्या पायावर पडला. त्याबद्दल मला अजून कुणी विचारलेलं नाही.

जीप रिकामी निघाली तेव्हा कुशाबाई उठून पुढच्या सीटवर जाऊन बसली. "घोडेगावला चल," तिनं ड्रायव्हरला सांगितलं. "माझंबी रगत बघू दे त्या पोरीला. पाचट हाये का काय हाये ते." त्याआधी तिनं गव्हाच्या पिठाचा डबा, गहू लागलेला जुना तवा आणि पीठ मळायची काथवट आमच्या ओट्यावर आणून आदळली आणि गोजरबाईंना म्हणाली, "तुमाला घ्या. तुमची माणसं काय बी पचवत्यात."

महिन्याभरात कळलं. पाचट नव्हतं.

मला वाटलं होतं, आता बाई तोंड लपवून बसेल. दुसऱ्याच दिवशी ती डेअरीच्या रांगेत सगळ्यांच्या पुढं उभी. एकानं मुद्दाम छेडलं, "काय कुशामावशी, आजार तळेघरचा म्हनं ना?"

"तळेघरचा?" ती कडाडली. "त्यांच्यात कुठला आलाय असला आजार! आमच्या माहेरचा हाय. माझ्या आईलाबी व्हतं कोपरावर. पुण्याच्या दुर्बिणीशिवाय दिसत बी न्हाई. असला आजार व्हायला रगत तसं लागतंय!"

हौशीरामचं दुकान उघडं आहे. बोटांना पूर्ण बळ यायला वर्ष जाईल, असं डॉक्टर म्हणाली. आजाराला गावात मान मिळाल्यामुळे आता समाचाराला येणारे तांदूळ घेऊन येतात, आणि दोघा-तिघांनी आपल्यालाही गहू बाधतो असं डेअरीवर जाहीर केलंय. त्यातल्या एकाला फक्त कष्ट बाधतात, पण त्यालाही मी सांगून ठेवलंय, आधी रक्त दे आणि मग चपाती सोड.

संध्याकाळी भिंतीपलीकडून भाकरी थापल्याचा आवाज येतो. नाचणीच्या पिठाची आधी उकळत्या पाण्यात उकड घ्यावी लागते, मग भाकरी फाटत नाही, एवढीच त्यातली कला. कुशाबाई रत्नाला ते विचारणार नाही, हे रत्नालाही माहीत आहे. म्हणून ती उकड घेताना मुद्दाम हळू घेते. आणि कुशाबाई चुलीशेजारी पाट ओढून बसते.

"थाप तू," ती सुनेला म्हणते. "मी बघते, कुठं चुकतीस ते."